कार्डाची किंमत आणि खेळाडूची पत

जुन्या बेसबॉल कार्डांबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज असा, की खेळाडू जितका मोठा तितके त्याचे कार्ड महाग. लिलावाच्या बातम्या त्याला खतपाणीच घालतात. २०२२ साली होनस वॅगनरचे एक कार्ड ७२.५ लाख डॉलरला गेले आणि मिकी मँटलचे १ कोटी २६ लाखांना. दोघेही थोर खेळाडू, त्यामुळे हिशेब जुळल्यासारखा वाटतो. पण वॅगनरचे कार्ड ज्या टी-२०६ मालिकेतले, तिथेच तो फसतो. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात ही कार्डे सिगारेटच्या पाकिटांतून वाटली. १९३६ मध्ये हॉल ऑफ फेम या बेसबॉलमधल्या मानाच्या यादीसाठी पहिले मतदान झाले तेव्हा टाय कॉबला २२६ पैकी २२२ मते पडली, वॅगनरला २१५. त्या मतदारांनी तरी कॉबलाच वरचे स्थान दिले. तरीही कॉबची त्याच मालिकेतली कार्डे कितीतरी स्वस्त मिळतात, कारण तो चार वेगवेगळ्या चित्रांत छापला गेला आणि त्याच्या प्रती भरपूर उरल्या. वॅगनरच्या हरकतीमुळे त्याच्या कार्डाची छपाई थांबली. आज जेमतेम पन्नास-साठ प्रती ठाऊक आहेत. ही हरकत तंबाखूच्या तिटकाऱ्यातून आली, असे आवर्जून सांगितले जाते. वॅगनर स्वतः तंबाखू चघळत असे, हे मात्र सांगायचे राहून जाते. लहान मुलांनी कार्डासाठी सिगारेटी घेऊ नयेत असे त्याला वाटले असेल, किंवा मोबदल्याचाही प्रश्न असेल.

मग दुर्मीळपणा हेच उत्तर मानावे, तर जो डॉइल आडवा येतो. न्यूयॉर्कच्या अमेरिकन लीग संघाचा हा साधारण पिचर. त्याच्या काही कार्डांवर चुकून नॅशनल लीगचा उल्लेख छापला गेला. अशा प्रती वॅगनरपेक्षाही कमी आहेत, पण किंमत त्याच्या आसपासही गेलेली नाही. म्हणजे कारकिर्दीला काहीच मोल नाही का? आहे. कार्ड हवेसे वाटते ते कारकिर्दीमुळेच. फक्त त्या ओढीचे रूपांतर किती डॉलरांत होणार, हे छपाई, जतन आणि योगायोग ठरवतात.

मँटलचे उदाहरण त्याहून बोलके आहे. १९५२ चे टॉप्स कार्ड त्याचे पहिले कार्ड समजले जाते. वास्तविक बोमन कंपनीने १९५१ मध्येच त्याचे कार्ड काढले होते, आणि ते पुष्कळ स्वस्त आहे. टॉप्स कंपनीच्या साय बर्गरने १९५२ च्या मालिकेच्या शेवटच्या टप्प्यातला न खपलेला साठा १९६० च्या सुमारास समुद्रात बुडवला, ही हकीकत खुद्द त्यानेच सांगितली. तेवढ्यावरून मँटलचे कार्ड अतिदुर्मीळ ठरत नाही, कारण त्या टप्प्यात ते इतर बहुतेक कार्डांच्या दुप्पट छापले गेले होते. विक्रमी किंमत मिळाली ती दहापैकी साडेनऊ दर्जा लाभलेल्या प्रतीला. त्याच कार्डाची कोपरे झिजलेली, दुमडलेली प्रत त्या रकमेच्या एका टक्क्याच्याही आत मिळते.

माळ्यावर १९८०-९० च्या दशकांतली कार्डे सापडली, तर खेळाडूचे नाव पाहून हुरळून जाऊ नये. केन ग्रिफी ज्युनियरने ६३० होमरन मारले आणि २०१६ मध्ये ९९.३ टक्के मतांनी तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. तरी त्याचे १९८९ चे गाजलेले अपर डेक कार्ड प्रचंड संख्येने छापले गेल्यामुळे, साधारण अवस्थेतली प्रत आजही सामान्य माणसाच्या खिशाला परवडते.