संग्रहालयातील सभा व इतिहाससाधनांची पारख

स्थानिक इतिहासाचे संग्रहालय म्हणजे जुन्या वस्तूंचे कोठार, अशी समजूत सामान्यतः आढळते. वस्तू कपाटात आली म्हणजे ती सुरक्षित होते, हे खरे. परंतु ती इतिहासाचे साधन व्हावयाची असेल तर तिची पारख जाणत्यांच्या समक्ष व्हावी लागते. संग्रहालयाने भरविलेली सभा हे त्या पारखीचे स्थान होय. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते.

वि. का. राजवाडे व खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी मंडळाची स्थापना केली. त्या काळी मराठ्यांच्या इतिहासाचे मोडी कागद देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांत रुमालांत बांधलेले पडून होते. ओल व वाळवी त्यांचा नाश करीत होती. तथापि वतनाचे कागद परहस्ते देण्यास घराणी सहसा राजी नसत. अशा स्थितीत सभांनी दुहेरी कार्य केले. नवा कागद, नाणे अथवा ताम्रपट सभेपुढे मांडावयाचा, तो कोठे मिळाला हे सांगावयाचे, त्याचे वाचन करून आक्षेप ऐकावयाचे आणि मग तो छापावयाचा, या पद्धतीने विद्वानांना पुरावा तपासता आला. तसेच आपल्या दप्तराचा उपयोग उघडपणे व सन्मानपूर्वक होतो, अशी खात्री कागदधारकांनाही पटू लागली.

जेधे शकावलीचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. कारी येथील जेधे घराण्यातील ही शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली मंडळाच्या संमेलनवृत्तात प्रसिद्ध केली. तीत शिवाजीमहाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया या दिवशी नोंदलेला आहे. उलट बखरींवरून शके १५४९ हे वर्ष रूढ होते. एका घरगुती टिपणाने रूढ समजुतीस आव्हान दिले, त्यामुळे मोठा वाद माजला. पुढे परमानंदाच्या ‘शिवभारत’ काव्यात तीच तिथी आढळली. आज महाराष्ट्र शासन त्या तिथीची १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख मानते. शकावली घरातच राहती, अथवा प्रकट चर्चेविना कपाटात ठेवली जाती, तर हा निर्णय इतक्या साधार रीतीने होता ना.

यावरून सभा व व्याख्यान यांतील भेदही ध्यानात येतो. व्याख्यानात श्रोता ऐकतो. सभेत तो साक्षीदारही असतो आणि प्रतिवादीही. गावच्या पाटीलघराण्यातील वृद्धास एखाद्या शिवेची, पाणवठ्याची किंवा मानपानाची जी माहिती असते, ती कोणत्याही सूचीत सापडत नाही. ती वस्तूशेजारी नोंदविली गेली, तरच वस्तूचा संदर्भ टिकतो.

मोडी सहज वाचणारी पिढी मावळत चालली आहे. म्हणून या नोंदी विलंब सहन करणाऱ्या नाहीत. कागद पुष्कळ काळ टिकविता येतो, परंतु त्याविषयी सांगणारा माणूस टिकविता येत नाही. स्थानिक संग्रहालयांनी सभांकडे उत्सवाचे अंग म्हणून न पाहता संशोधनाचे अंग म्हणून पाहावयाचे, ते याच कारणास्तव.