मेंदूतली छाटणी आणि स्किझोफ्रेनिया

स्किझोफ्रेनिया बहुधा ऐन तारुण्यात उद्भवतो. नसलेले आवाज ऐकू येतात, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे असा संशय पक्का होतो, हळूहळू माणूस बोलेनासा होतो. त्याच वयाच्या आगेमागे मेंदू चेतापेशींमधले जादा जोड, म्हणजे सिनॅप्स, छाटत असतो. या छाटणीत प्रतिकारशक्तीच्या पेशींचा मोठा वाटा असतो.

प्रतिकारशक्तीचा एक भाग अनुभवातून शिकतो. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत स्वतःवर टोचून पाहिलेली प्लेगची लस याच भागासाठी होती. दुसरा भाग उपजत. त्याला शिकवावे लागत नाही. मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशी आणि ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिने या भागात मोडतात. कॉम्प्लिमेंट जंतूवर खूण करते आणि खूण झालेल्या जंतूंना प्रतिकारशक्तीच्या पेशी गिळतात. वाढत्या मेंदूत हीच खूण नको असलेल्या सिनॅप्सवर पडते.

२०१६ मध्ये स्टीव्हन मॅकॅरोल आणि बेथ स्टीव्हन्स यांच्या अमेरिकेतील गटाने सुमारे ६५ हजार लोकांची जनुकीय माहिती तपासली. सी४ या कॉम्प्लिमेंट जनुकाच्या ज्या रूपांमुळे मेंदूत सी४ए प्रथिन जास्त तयार होते, ती असलेल्यांना स्किझोफ्रेनियाचा धोका अधिक आढळला. सी४ नसलेल्या उंदरांत छाटणी कमी झाली. पुढे २०२० मध्ये याहून विलक्षण गोष्ट कळली: सी४ची हीच रूपे ल्युपस या आजारापासून बचाव करतात. अर्थात एका जनुकाने धोका थोडाच वाढतो. अशी जनुके शेकडो आहेत. आईवडिलांच्या वळणाला किंवा बाहेरच्या बाधेला बोल लावणे मात्र सर्वस्वी अन्यायाचे आहे.

औषधाची वाट अजून मोकळी झालेली नाही. मुंबईत हिंदमाता भागात पाणी तुंबले की त्यातून चाललेल्यांना लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविक गोळी देतात. तिच्याच कुळातली मिनोसायक्लिन प्राण्यांमध्ये मायक्रोग्लियाला शांत करते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत दोनशेवर रुग्णांना वर्षभर मिनोसायक्लिन किंवा नुसती दिखाऊ गोळी दिली गेली. मिनोसायक्लिनचा फायदा दिसला नाही. म्हणून नेहमीची औषधे सोडून अशा गोळ्या घेणे घातक ठरेल. प्रतिकारशक्ती चेतल्याने होणारा दाह दाखवणारी सीआरपी आणि इंटरल्युकिन-६ ही प्रथिने काही रुग्णांच्याच रक्तात वाढलेली असतात. त्यामुळे आता असे रुग्ण रक्ततपासणीने वेगळे काढून त्यांच्यावर दाहशामक औषधे अजमावण्याकडे संशोधकांचा कल आहे.