फुली-गोळा (प्रोग्रॅमिंगचा सराव)

फुली-गोळा (फुल्ली-गोळा) हा तीन ओळी व तीन स्तंभांच्या चौकटीत दोन खेळाडूंनी खेळायचा खेळ असून त्याची आज्ञावली लिहिणे हा प्रोग्रॅमिंगच्या प्राथमिक शिक्षणातील एक प्रचलित सराव आहे. खेळाडू आळीपाळीने फुली (×) व गोळा (○) मांडतात. आपली तीन चिन्हे आडव्या, उभ्या किंवा तिरक्या रेषेत प्रथम आणणारा जिंकतो. नऊ घरे भरूनही रेषा झाली नाही, तर डाव बरोबरीत सुटतो. नियम थोडे व परिचित असल्याने विद्यार्थ्याचे लक्ष खेळ शिकण्याऐवजी तो यंत्राला नेमकेपणाने कसा सांगावा याकडे वळते. चल, यादी, अट, लूप आणि फंक्शन या मूलभूत संकल्पना एकाच लहान आज्ञावलीत वापराव्या लागतात.

इतिहास

जोसेफ केट्स यांनी तयार केलेले 'बर्टी द ब्रेन' हे फुली-गोळा खेळणारे यंत्र १९५० मध्ये टोरोंटो येथील प्रदर्शनात मांडले गेले. १९५२ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील ए. एस. डग्लस यांनी आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी एडसॅक संगणकावर या खेळाची आज्ञावली लिहिली. खेळाडू दूरध्वनीच्या तबकडीने घराचा क्रमांक फिरवीत असे व पट पडद्यावर दिसत असे. १९६१ मध्ये डॉनल्ड मिची यांनी ३०४ काडेपेट्या व रंगीत मणी वापरून अनुभवातून खेळ सुधारणारी 'मेनेस' ही रचना केली.

आज्ञावलीची रचना

दोन्ही खेळाडू माणसे असतील, तर आज्ञावलीचे टप्पे पुढीलप्रमाणे असतात :

१. नऊ रिकाम्या घरांची यादी तयार करणे.
२. पट दाखवून ज्याची पाळी आहे त्याला १ ते ९ मधील क्रमांक विचारणे.
३. क्रमांक वैध व घर रिकामे आहे का ते पाहणे. नसल्यास पाळी न बदलता पुन्हा विचारणे.
४. चिन्ह मांडून विजय तपासणे.
५. विजय नसेल व पट भरला असेल, तर बरोबरी जाहीर करणे.
६. अन्यथा पाळी बदलून दुसऱ्या टप्प्याकडे परतणे.

अनेक भाषांत यादीची मोजणी शून्यापासून सुरू होत असल्याने खेळाडूने दिलेल्या क्रमांकातून १ वजा करावा लागतो. मिळालेल्या संख्येला ३ ने भागल्यास भागाकार ओळ दर्शवतो व बाकी स्तंभ.

विजयाची तपासणी

जिंकणाऱ्या रेषा केवळ आठ असल्याने त्यांची यादी करून प्रत्येक तपासणे हा सरळ मार्ग आहे. दुसरा मार्ग जादूच्या चौरसाचा आहे. घरांना ओळीने २, ७, ६. ९, ५, १. ४, ३, ८ असे अंक दिल्यास प्रत्येक रेषेची बेरीज १५ येते, आणि १ ते ९ मधील तीन भिन्न अंकांची बेरीज १५ होण्याचे प्रकारही नेमके आठच आहेत. मात्र खेळाडूच्या सर्व अंकांची नव्हे, तर त्यांतील कोणत्याही तीन अंकांची बेरीज तपासावी लागते.

नेहमीच्या चुका

सर्वांत सहज होणारी चूक म्हणजे विजयाआधी बरोबरी तपासणे. नवव्या खेळीने एकाच वेळी पट भरतो व रेषाही पूर्ण होऊ शकते. अशा वेळी जिंकलेला डाव बरोबरीत गणला जातो. पायथॉनमध्ये एकच ओळ तिपटीने गुणून पट तयार केल्यास तिन्ही ओळी एकाच यादीचे संदर्भ ठरतात आणि एका घरात मांडलेले चिन्ह पूर्ण स्तंभात उमटते. खेळाडूने अंकाऐवजी अक्षर टंकल्यास आज्ञावली बंद पडू नये, याचीही तजवीज करावी लागते. पायथॉनचे पूर्णांकात रूपांतर करणारे फंक्शन देवनागरी अंकही स्वीकारते, त्यामुळे मराठी कळफलकावरून दिलेला '५' चालतो.

पडताळणी

सर्व संभाव्य डाव संगणकाकडून खेळवून नियमांची अचूकता तपासता येते. सममिती विचारात न घेता एकूण २,५५,१६८ डाव होतात : १,३१,१८४ पहिल्या खेळाडूच्या विजयाचे, ७७,९०४ दुसऱ्याच्या विजयाचे व ४६,०८० बरोबरीचे. नवव्या खेळीला जिंकलेले डाव ८१,७९२ आहेत. त्यामुळे वर सांगितलेली क्रमाची चूक असल्यास बरोबरीचे डाव १,२७,८७२ दिसतात व दोष उघड होतो.

संगणक प्रतिस्पर्धी

पुढील टप्प्यात एका खेळाडूची जागा संगणक घेतो. त्यासाठी सामान्यतः मिनिमॅक्स पद्धत वापरतात : प्रत्येक खेळीनंतर प्रतिस्पर्धी स्वतःसाठी सर्वोत्तम उत्तर देईल असे गृहीत धरून शेवटापर्यंतच्या शक्यता तपासल्या जातात. पटाच्या वैध स्थिती केवळ ५,४७८ असल्याने हे काम आजचा संगणक सहज करतो. दोघांनीही निर्दोष खेळ केल्यास डाव नेहमी बरोबरीत सुटतो. कनेक्ट फोरसारख्या खेळात मात्र स्थितींची संख्या साडेचार लाख कोटींहून अधिक होते. तेथे निरुपयोगी फांद्या वगळणारी अल्फा-बीटा छाटणी व मर्यादित खोलीचा शोध यांची गरज भासते.