पोमोनाला जाणार असाल तर कानांसाठी बोळे घेऊन जा!

नाशिककर मंडळी, आपल्याकडे रॅलीचं वेड जुनं. घाटवाटा, धूळ, वळणं हे आपण पाहिलंय. पण लॉस एंजेलिसला मुलाबाळांकडे जाणार असाल, तर डिस्नेलँडमधला एक दिवस वाचवा आणि जवळच पोमोनाची ड्रॅग स्ट्रिप पाहा. एनएचआरए ही अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संस्था १९५१ ची, आणि तिची पहिली अधिकृत शर्यत १९५३ मध्ये इथेच झाली.

नियम अगदी सोपा. दोन गाड्या, सरळ रस्ता, वळण नाहीच. मूळ अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. सगळ्यात वेगवान गटातल्या ‘टॉप फ्युएल’ गाड्या मात्र २००८ पासून १००० फूटच धावतात. त्या वर्षी शर्यतीत चालक स्कॉट कलिटा यांचा अपघाती मृत्यू झाला, त्यानंतरचा हा बदल. तेवढ्या अंतरातही त्या चार सेकंदांच्या आत ताशी ५०० किलोमीटरच्या पुढे जातात! इंधन पेट्रोल नव्हे, नायट्रोमिथेन. आवाज कानाला नाही, छातीला ऐकू येतो.

खरी मजा मात्र पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करतात त्या जागेत. एनएचआरएच्या राष्ट्रीय स्पर्धांत साध्या तिकिटावरही आत फिरता येतं. दोन फेऱ्यांच्या मधल्या तासाभरात आख्खं इंजिन खोलून पुन्हा जोडतात. आपल्या गॅरेजवाल्याला व्हिडिओ दाखवलात तर तो हातातला पाना खाली ठेवेल.

एवढ्या लांब जाणं नसेल तर लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ‘व्हॅली रन’ या ड्रॅग शर्यतीवर लक्ष ठेवा. कोण येणार, कमेंटमध्ये सांगा.