खंजिरी, श्वास आणि मेंदू

मूल चिडखोर आहे, गाण्याच्या शिकवणीस घातले तर शांत होईल काय, असे पालक वारंवार विचारतात. आणि त्या आशेला बळ मिळते ते 1993 साली कॅलिफोर्नियात 36 विद्यार्थ्यांना मोझार्टचे संगीत 10 मिनिटे ऐकवून झालेल्या गाजलेल्या प्रयोगामुळे. त्यात दिसलेला लाभ आकार-अवकाशाच्या चाचणीपुरता होता व पाव तासात ओसरला, हा त्याच निबंधातील मजकूर जाहिरातदारांनी मात्र सोयीस्करपणे गाळला.

त्यापेक्षा गुरुकुंज मोझरीस जावे. तुकडोजी महाराजांनी 1935 साली स्थापिलेल्या या आश्रमात सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला माणसे गाणे ऐकावयास नव्हे, गावयास बसतात. ओळ संपेतो दम पुरवावा लागत असल्याने उच्छ्वास आपोआप दीर्घ होतो, आणि उच्छ्वासकाळी व्हेगस मज्जातंतूचा अंमल वाढून हृदयाची गती मंदावते. इटलीतील लुचियानो बर्नार्डी यांनी 23 निरोगी व्यक्तींकडून लॅटिन जपमाळ आणि एक मंत्र म्हणवून घेतला, तेव्हा दोन्ही वेळा श्वसन मिनिटाला सुमारे 6 श्वासांवर स्थिरावले व रक्तदाब सावरणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक तल्लख झाली, असे त्यांनी 2001 साली प्रसिद्ध केले. धर्म निराळे, भाषा निराळ्या. फुप्फुसांना तो भेद ठाऊक नाही!

परंतु तालीम म्हणजे काय, हे खंजिरीवरील हातात दिसते. भजन रंगले, लय चढली, की नवशिक्याची बोटे भरात पुढे धावतात. मुरलेला वादक तितकाच तल्लीन असूनही थाप जागच्या जागी देतो, कारण उत्कटता आणि संयम यांचा मेळ त्याच्या मनगटाला रोजच्या सरावाने जमलेला असतो. ठेका नुसता ऐकतानाही मेंदूतील हालचालींची केंद्रे जागी होतात, हे जेसिका ग्राहन व मॅथ्यू ब्रेट यांनी 2007 साली दाखविले. सातव्या वर्षाआधी वाद्य हाती घेतलेल्या वादकांत मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणाऱ्या सेतूचा पुढील भाग मोठा असल्याचे गॉटफ्रिड श्लॉग यांना 1995 साली आढळले. तरी तेवढ्या दाखल्यावर, संगीताने राग जातो, असा निकाल देणे मला उतावळेपणाचे वाटते.

शिवाय भावनेचे नियमन म्हणजे निव्वळ शमन नव्हे. जी लय सायंकाळी मन निवविते तीच समुदायाला उभे करते, आणि ब्रिटिश अंमलदारांना याची पुरती जाणीव असावी. 1942 च्या ऑगस्टात त्यांनी खंजिरीवर देशभक्तीची भजने गाणाऱ्या महाराजांना कैद करून नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवले.