शकुंतला टेबलावर आणताना

मूर्तिजापूर स्थानकात दोन मापांचे रूळ शेजारी आलेले आहेत. एक मुंबई-हावडा मार्गाचा ब्रॉडगेज. त्यात रुळांमधील अंतर 1676 मिलिमीटर. दुसरा दर्यापूर, अंजनगाववरून अचलपूरला आणि दुसऱ्या बाजूने यवतमाळला जाणारा नॅरोगेज. त्यात अंतर अवघे 762 मिलिमीटर. हीच वऱ्हाडची 'शकुंतला'. 1921 साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन ती 1994 पर्यंत ओढत होते. मग डिझेल आले, आणि पुढे गाड्याच बंद पडल्या. आज मुलांना शकुंतला चालताना दाखवायची, तर तिची प्रतिकृतीच करावी लागेल.

प्रमाण 1:87 घेऊ. पुण्याच्या कोथरूडमधील जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय याच प्रमाणातले आहे. बाजारात या प्रमाणाचा रूळ 16.5 मिलिमीटरचा मिळतो. त्याला 87 ने गुणा: 1435 मिलिमीटर, म्हणजे युरोपातला गेज! आपल्या ब्रॉडगेजला 19.3 मिलिमीटर हवेत. याउलट 1:160 च्या गाड्यांसाठी केलेला 9 मिलिमीटरचा रूळ घेतला, तर 9 × 87 = 783. शकुंतलेच्या 762 ला हा बराच जवळचा. म्हणजे मेन लाइनपेक्षा आपली लहान गाडीच टेबलावर अधिक खरी दिसते. फक्त त्या रुळाचे स्लीपर फार बारीक आणि दाट असतात. ते काढून पुठ्ठ्याचे रुंद स्लीपर विरळ लावावेत.

मूर्तिजापूर ते अचलपूर सुमारे 76 किलोमीटर. या प्रमाणात ते 870 मीटरांच्या वर जाते. तेव्हा सगळा मार्ग नको, एक स्थानक पुरे.

खरी अडचण पुढे येते. लांबी 87 पट कमी झाली, तर आकारमान 87 × 87 × 87, म्हणजे साडेसहा लाख पटींहून जास्त कमी होते. 25 टनांचे इंजिन धरले, तर प्रतिकृतीचा वाटा फक्त 38 ग्रॅम! एवढ्या हलक्या चाकाखाली धुळीचा कण आला की इंजिन अडते, कारण मोटारीला वीज रुळांतूनच मिळते. (आपल्याकडच्या उन्हाळ्यात धुळीचे काय सांगावे!) म्हणून इंजिनात शिशाचा तुकडा बसवतात आणि रूळ रोज कोरड्या फडक्याने पुसतात.

तरीही दूरच्या टोकाला गाडी मंदावते. तेथे व्होल्टमीटर लावून पाहा. समजा, एका सांध्याचा रोध 0.2 ओहम आणि दोन्ही रुळांत मिळून 20 सांधे आहेत. एकूण 4 ओहम. अर्धा अँपिअर प्रवाह असता 2 व्होल्ट वाटेतच खर्च झाले, 12 चे 10 उरले. ओहमचा नियम फळ्यावर शिकवण्यापेक्षा येथे लवकर पटतो. उपाय सोपा: रुळांखालून दोन जाड तारा न्याव्यात आणि दर मीटरला त्यांच्या फाट्यांना रुळावर डाग द्यावा.

आता वेग. खऱ्या गाडीचा ताशी 20 किलोमीटर धरला, तर प्रतिकृतीने सेकंदाला 6.4 सेंटिमीटर जावे, म्हणजे एक मीटरला जवळजवळ 16 सेकंद. मुलांना हे भलतेच संथ वाटते. बटण फिरवून ती शकुंतलेची राजधानी करतात. त्यांच्या हाती घड्याळ द्यावे.