आशाताईचा मोबाईल आणि आशाताईचे हात

माझी आजी सुईण होती. गावातल्या वाड्यांवर तिला मागच्या दाराने बोलावणे येई. अडलेली बाई सुटेपर्यंत तिचा विटाळ कुणाला होत नसे. नाळ कापून झाली की पुन्हा होई. तिच्या हातातल्या कसबाला कुणी ज्ञान म्हटले नाही, आणि त्यात नव्या ज्ञानाची भर घालायलाही कुणी आले नाही.

आज हिंगोली जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवर अडीनडीला पहिली हाक जाते ती आशाताईला. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने तिला उभे केले. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली; पण ती दारात पोचेपर्यंतचा वेळ आशाताईच्या पदरात पडतो. त्या वेळात काय करायचे, हे तिला मोबाईलवरून शिकवता येईल काय?

येईल; पण अर्धेच. हे अर्धेही थोडे नाही. साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. चावलेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला दवाखान्यात न्यावे, एवढे चित्रफितीतून पक्के शिकता येते. चित्रफीत एकदा उतरवून घेतली की रेंज नसलेल्या वस्तीतही दहा वेळा पाहता येते. त्यासाठी मजुरी बुडवून तालुक्याला जावे लागत नाही. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या काळात केंद्र सरकारने ‘दीक्षा’ ह्या मंचावरून डॉक्टरांपासून आशांपर्यंत सर्वांसाठी असेच पाठ खुले केले होते.

उरलेले अर्धे हातांनीच शिकावे लागते. हृदय बंद पडलेल्या प्रौढ माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायची असते. हे आकडे पाठ होतील. पण ती खोली तळहाताला कळते, तीही बाहुल्यावर सराव केल्यावर आणि चुकले तिथे कुणी दुरुस्त केल्यावर. न रडणाऱ्या बाळाच्या तोंडावर मास्क नीट बसला नाही तर हवा बाजूने निसटते. ते पडद्यावर पाहून हाताला समजत नाही.

हे काम गावच्या बायांना जमेल काय, अशी शंका शहाणी माणसे काढतात. तिचे उत्तर महाराष्ट्रातच मिळून चुकले आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांत दलित स्त्रिया होत्या, निरक्षरही होत्या. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत घरोघर नवजात बाळांची काळजी घेणाऱ्या स्त्रिया घडविल्या. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हीकडे मोबाईल नव्हता. वारंवार सराव होता, जाऊन पाहणारे शिक्षक होते आणि ह्या बायांच्या बुद्धीवर विश्वास होता.

आज मोबाईल आहे, पण तो कशासाठी वापरला जातो? ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील आशा संपावर गेल्या, तेव्हा मानधनाबरोबर ऑनलाईन कामाच्या ओझ्याचाही प्रश्न होता. तिच्या मोबाईलमधून माहिती वर जाते. त्याच वाटेने ज्ञान खाली यायला हवे, आणि तेही तिच्या बोलीत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. अशा प्रत्येक महाविद्यालयात बाहुल्यांवर सराव करण्यासाठी कौशल्य प्रयोगशाळा असावी लागते. तिथे केवळ भावी डॉक्टरांचेच हात का घडावेत? पाठ घरी मोबाईलवर आणि सराव दर तीन महिन्यांनी त्या प्रयोगशाळेत. त्या दिवसाचा मोबदला, जाण्यायेण्याचे भाडे आणि शेवटी प्रमाणपत्र, ही मागणी कार्यकर्त्यांनी आता लावून धरली पाहिजे. आजीला मागच्या दाराने बोलावले गेले. आशाताईने ह्या महाविद्यालयात पुढच्या दाराने जावे, आणि शिकण्यासाठी जावे.